सोमवारची गोळी

वयनी, तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. बारावे झाले, पाहुणे गेले, अंगणातला मांडव सोडला. आता दुपारी घरात एवढी शांतता असते की मला लिहायला सुचते. मी चौथीपर्यंत मराठीत लिहिले, त्यानंतर फक्त सामानाच्या याद्या. आपण दोघी जावा तोंडाने बोलायचो ते वेगळे, पण अक्षरे मला हीच येतात. शाळेतल्या बाईंनी शिकवले होते, पत्रात मोठ्यांना तुम्ही म्हणावे. मी तसे लिहून पाहिले, तर ती कोण दुसरीच बाई झाली. म्हणून तूच म्हणते.

मी तुझ्याशी एकदाच खोटे बोलले, सोमवारच्या गोळीबद्दल. तू असताना ते कबूल करायचे धाडस झाले नाही. आता सांगते. पण आधी सगळे नीट आठवून बघते, कारण मी चूक केली की बरोबर केले, हे मला अजून कळलेले नाही.

तुझ्या गळ्यात काहीतरी आहे हे घरात पहिल्यांदा मी पाहिले. तू विहिरीवरून आलीस, तांब्या वर धरून पाणी प्यायलीस, आणि गळ्याच्या खळीपाशी सुपारीएवढे काहीतरी वर गेले आणि खाली आले. मला त्याचे फार नवल वाटले. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तुला पाणी आणून दिले. तिसऱ्या दिवशीही दिले. आठ दिवस मी पाणी देत होते आणि बघत होते, पण तोंडातून शब्द निघेना. शेवटी सांगितले तेव्हा तू गळा चाचपलास आणि म्हणालीस, "आठ दिस बघी होतंस? माका वाटला, शेवंतीक आजकाल माझी माया येता, सारखा पाणी देता."

त्या दिवसांत गोव्यात मराठी की कोकणी यावरून रस्ते अडवले जायचे. गाड्या कधी चालू, कधी बंद. आपल्या घरातही तेच. तुझे यजमान, आमचे भावजी, मराठीच्या बाजूचे आणि तुझा प्रकाश कोकणीच्या. दोघे जेवताना भांडायचे, आणि भावजी मराठीसाठी कोकणीतून भांडायचे. तू भात वाढता वाढता म्हणालीस, "हांगा माझ्या गळ्यात गाठ, आणि तुमका जिभेची पडल्या." दोघेही खाली बघून जेवले. पण म्हापशाला डॉक्टरकडे पोचायला तरी आणखी पंधरा दिवस लागले.

मुंबईला तुझे ऑपरेशन झाले तोवर गोव्याचे घटकराज्य झाले होते. कॅन्सर आहे हे सगळे एकमेकांना हळू आवाजात सांगायचे, तू मात्र सरळ विचारलेस आणि सरळ ऐकलेस. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी त्यांनी पूर्ण काढली. पुढे एक औषध पाजून तुला एकटीला खोलीत ठेवले, कुणी जवळ जायचे नाही. घरी आल्यावरही काही दिवस लहान मुलांना जवळ घ्यायचे नव्हते. तुझे ताट वेगळे, तांब्या वेगळा. तू जनेलाच्या गजांआडून माझ्याशी कुजबुजलीस, "पन्नाशीत परत भायर बसूक लागला."

कुजबुजलीस, कारण आवाज बसला होता. घरात भाषेवरून भांडण चालूच, आणि जिच्यापाशी बोलायला सगळ्यात जास्त होते तिलाच आवाज नाही. ते काही महिने तुझ्या वतीने मी बोलले. तू माझ्या कानात सांगायचीस आणि मी मोठ्याने म्हणायची. शब्द तुझे असल्यामुळे मला लाज वाटायची नाही. एकदा मासळीवालीला तुझ्या शब्दांत मी असे काही बोलले की तिने बांगडे वाढवून दिले आणि मला विचारले, "तू घराण्यातलीच मगे?"

मुंबईहून येताना लहान पांढऱ्या गोळ्यांची बाटली आली. रोज सकाळी एक, उपाशीपोटी, पाण्याबरोबर. त्यानंतर तासभर चहासुद्धा नाही. हे जन्मभर. तुला गोळीचा राग नव्हता, त्या तासाचा होता. सहा वाजता पोदेर पाव घेऊन यायचा, उंडे गरम असायचे, आणि तू त्यांच्यावर फडके टाकून बसायचीस. चार दिवस सोसलेस. मग तू पाच वाजताच उठून गोळी घ्यायला लागलीस, म्हणजे पोदेर येईपर्यंत तास भरायचा. डॉक्टरला हे ऐकून हसू आले होते.

दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचे. त्या दिवशी गोळी रक्त दिल्यानंतर, म्हणून तू ती रुमालाच्या गाठीत बांधून न्यायचीस. चोपड्याहून पहिल्या फेरीबोटीने आपण शिवोलीला उतरायचो आणि बसने म्हापशाला. रक्त पुढे मुंबईला जायचे आणि कागद पुष्कळ दिवसांनी यायचा. मला इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. टी.एस.एच. ही तीन अक्षरे मी चित्रासारखी ओळखायला शिकले. त्यांच्या पुढचा आकडा शून्याच्या जवळ राहिला पाहिजे, नाहीतर आजार परत येण्याची भीती, असे डॉक्टर म्हणाले होते. तो आकडा मी माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायची. कधी तो खाली असायचा, कधी बराच वर. वर असला की मला रात्री जेवण जायचे नाही. तू जेवायचीस.

मला एक गोष्ट छळत होती. जी ग्रंथी काढून टाकली, तिची तपासणी रक्तात कशी होते? डॉक्टरला विचारणे शक्य नव्हते. रक्त काढणारी बाई तरुण होती, हसरी होती. तिला विचारायचे ठरवून मी तीन वेळा न विचारता परत आले. चौथ्या वेळी तू मला कोपराने ढोसलेस. "विचार मगे. तोंडात उंडो आसा?"

मी विचारले. त्या बाईने सुई बाजूला ठेवली. मग म्हणाली, "हा आकडा गळ्यातला नाही, डोक्यातला आहे. डोक्यातून गळ्याला निरोप जातो, काम कर म्हणून. गळ्यात आता कोणी नाही हे डोक्याला माहीत नाही. ते निरोप पाठवतच राहते."

"आणि पाठवत राहिले तर?"

"आजाराचा एखादा कण कुठे उरला असला तर तो निरोप त्याला मिळतो. तो वाढू शकतो. गोळी रोज गेली की डोक्याला वाटते काम झाले. मग ते गप्प बसते."

परत येताना शिवोलीच्या धक्क्यावर एक माणूस पलीकडच्या होडीवाल्याला हाका मारत होता. होडी रिकामी होती, हे आम्हाला उंचावरून दिसत होते, त्याला दिसत नव्हते. मी तुला म्हटले, "वयनी, ही बघ तुझी टी.एस.एच." तू त्या माणसाकडे बघितलेस आणि म्हणालीस, "तेका सांग गो कोण तरी." फेरीबोट येईपर्यंत माझे लक्ष त्या हाकांकडेच होते. होडीवाला नाही, पण त्या काठावर दुसरे कोण ऐकत असेल?

एका गोळीची दीड झाली. अर्धी तू अडकित्त्याने कापायचीस, सुपारीसारखी, एका झटक्यात. डॉक्टर प्रत्येक वेळी विचारायचे, "रोज घेता ना?" तू म्हणायचीस, "रोज." आणि तुझ्या तोंडावर खोटेपणाचा मागमूस नसायचा, कारण तुझ्या मते ते खरेच होते.

बाटलीने मला सांगितले. शंभर गोळ्यांची बाटली चतुर्थीच्या आधी संपायला हवी होती, ती संपली नाही. मी वही काढली, भिंतीवरचे कॅलेंडर खाली उतरवले आणि दोन्ही समोर ठेवून बसले. ज्या रक्ताच्या आधी श्रावण गेला होता तो आकडा वर. एका वर्षी नाही, दोन्ही वर्षी. त्या महिन्यात तू सुस्त असायचीस, भर दुपारी गोधडी घ्यायचीस, तोंड सुजल्यासारखे दिसायचे. सगळे म्हणायचे उपासाने होते. मग मी तुझ्यावर नजर ठेवली. शनिवारी घेतलीस, रविवारी घेतलीस. सोमवारी पाचला उठलीस, न्हालीस, तुळशीला पाणी घातलेस आणि कामाला लागलीस.

"गोळी?" मी विचारले.

"आज सोमवार."

मला ठाऊक होते की ऑपरेशनला नेताना तू देवाला बोलली होतीस: जीव राहिला तर जन्मभर सोमवार कडक करीन, दिवे लागेपर्यंत तोंडात काही घालणार नाही. एकादशी आणि संकष्टी तुझ्या आधीपासूनच होत्या. पण त्यात गोळीही येते, हे माझ्या मनातही आले नव्हते.

"गोळी म्हणजे काय जेवण न्हय," मी म्हटले.

"पोटात जाता मा? तेच्या वांगडा पाणी लागता मा? मगे?"

"डॉक्टराक तू रोज म्हणून सांगलंस."

"रोजच घेतंय. तू रोज जेवतंस मा? मगे एकादशीक जेवतंस?"

 मी निरोपाची गोष्ट काढली, आकड्यांची वही दाखवली. तू ती उलटी धरून बघितलीस, कारण तुला वाचता येत नव्हते, आणि परत दिलीस. "जेणा माझो जीव राखलो, तेचोच उपास मोडू?" मग बोट उगारलेस. "डॉक्टराक सांगशीत तर बघ. ता माझा आणि देवाचा."

मी मान हलवली. पुढच्या खेपेला दीडच्या दोन गोळ्या झाल्या. मी तुझ्या खुर्चीमागे उभी राहून ते ऐकले आणि गप्प राहिले.

घरी आल्यावर मला सुचले की देवाचा प्रश्न देवालाच विचारावा. तू तयार नव्हतीस. "बोललेला पाळूचा आसता, परत विचारूचा नसता," म्हणालीस. म्हणून मी एकटीच गेले, रविवारी दुपारी, देवळात कोणी नसताना. कौल लावणारा घाडी तेव्हा जवान होता. त्याने ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. त्याने विचारले, काय गाऱ्हाणे घालू? मी इतक्या हळू सांगितले की त्याला दोनदा विचारावे लागले. मग त्याने ते मोठ्याने देवाला सांगितले: आजारी बाईने सोमवारच्या उपासाला औषध घेतले तर तुला चालेल का, महाराजा?

बराच वेळ काही पडले नाही. पाकळीच्या टोकाला पाण्याचा थेंब जमत होता, मी त्याच्याकडे बघत होते. पाकळी ओली असते, वाळली की पडते. मग देव नक्की कधी बोलतो, असेही माझ्या मनात आले. आणि डावी पडली.

"देव नको म्हणता, बाय," घाडी म्हणाला. "परत लावू?"

मी नको म्हटले. परत लावून परत डावी पडली असती तर?

तू मागच्या दारी तांदूळ पाखडत होतीस. वर न बघता विचारलेस, "काय म्हणता देव?"

"उजवी पडली."

"कितक्या वेळान?"

"लगेच."

म्हणजे एक नव्हे, दोन खोटी झाली. तू सूप खाली ठेवलेस आणि माझ्याकडे बघत राहिलीस. मला वाटले आता माझ्या तोंडावर सगळे वाचशील. तू एवढेच म्हणालीस, "मगे जाता. घेतंय." दुसऱ्या दिवशी सोमवार होता. पाच वाजता तू देवासमोर हात जोडलेस, दोन गोळ्या जिभेवर ठेवल्यास आणि तांब्या वर धरलास. पुढे एकादशीला आणि संकष्टीलाही तसेच.

दोन-अडीच महिने गेले आणि तुझी छाती धडधडायला लागली. थंडीच्या दिवसांत तुला घाम फुटायचा. चोळ्या सैल झाल्या. अडकित्ता धरलास तर हात असा कापायचा की सुपारी मी कातरून द्यायची. तू काही बोलली नाहीस, पण मी बोलत होते, मनातल्या मनात. देवाने नको म्हटले होते. मी होय सांगितले होते. तुझ्या हाताचा प्रत्येक कंप मला माझ्यामुळे वाटायचा.

मग एकदा मी भीती बाजूला ठेवून नुसता विचार केला, वहीत बघून. दोन गोळ्या डॉक्टरने ठरवल्या तेव्हा तू महिन्यातले सात दिवस काहीच घेत नव्हतीस. आता सातही दिवस घेतेस. म्हणजे औषध जास्त झाले नाही का? चौथीच्या गणितात एवढे येते. देव रागावला असेलही, पण आधी हे तरी विचारायला हवे होते.

त्या दिवशी डॉक्टरसमोर तू खुर्चीवर होतीस आणि मी मागे. त्यांनी तुझी नाडी धरली, कपाळाला आठी घातली. मी म्हटले, "ती सोमवारी घेत नव्हती. एकादशीला, संकष्टीलाही नाही. आता सगळे दिवस घेते." माझा आवाज मलाच परका वाटला. या वेळी शब्द कुणी कानात सांगितलेले नव्हते. तू वळून माझ्याकडे बघितलेस.

डॉक्टरने पेन खाली ठेवले. "महिन्यातून किती दिवस?"

"सात. श्रावणात जास्त."

"म्हणजे इतके दिवस मी पंचांगाला औषध देत होतो." ते हसले, पण थोडेच. "अहो, आधी सांगायचं होतं. या गोळीचा असर शरीरात बरेच दिवस राहतो. उपासाच्या दिवसाचं काहीतरी जमवून दिलं असतं, उपासही राहिला असता. अजूनही देता येईल. काय करायचं, सांगा."

 माझ्या खोट्याची गरजच नव्हती. वयनी, तेव्हाच मी बोलायला हवे होते: कौल डावा होता, तुझे सोमवार तू परत घे. डॉक्टर वाट दाखवत होते. मी तोंड उघडले, आणि तू माझ्या आधी बोललीस.

"आता देवान हुकूम दिल्लो आसा, डॉक्टर. आता बदलूचा नाय."

गोळ्या परत कमी झाल्या. महिन्याभरात तुझा हात थांबला, अडकित्ता तू माझ्याकडून ओढून घेतलास. पुढच्या सगळ्या वर्षांचे आकडे माझ्या वहीत एकाखाली एक आहेत, सगळे शून्याच्या जवळ. फेरीबोट जाऊन पूल आला, मुंबईला जाणारे रक्त म्हापशातच तपासायला लागले, कागद दुसऱ्या दिवशी हातात यायला लागला. आजार परत आला नाही. तू गेलीस ती तापाने, छातीत कफ भरून, चार दिवसांत. शेवटी आलेल्या डॉक्टरने तुझा गळा हाताने चाचपून पाहिला आणि म्हणाला, इथे काही नाही. तुझा श्वास लागला होता, आणि मला त्या वाक्याने बरे वाटले. याची मला लाज वाटते, पण बरे वाटले हे खरे.

परवा देवळात दिवा लावायला गेले. घाडी आता म्हातारा झाला, पायरीवर बसून असतो. म्हणाला, "जाव गेली तुझी. बरी बाईल. ती इल्ली एकदा, तू कौल लावन गेलंस तेच्या दुसऱ्याच आठवड्यात."

मला तू तिथे गेलेली ठाऊक नव्हते. मी विचारले, "कित्याक इल्ली?"

"माका विचारल्यान, शेवंतीक खंयची पडली? मी सांगलंय, डावी. देवाच्या दारात खोटा कसा सांगू?"

मी तेलाची वाटी पायरीवर ठेवली. तो म्हणाला, "आता ती नाय, तर सांगूक हरकत नाय. ती हसली. म्हणाली, माझा गाऱ्हाणा घाला. गोळी मी घेतलंयच. दोष काय पडात तो माझ्यार पडो, तिका लागू नये. ती भितरी आसा, आणि तरी इतक्या दूर एकटी इली."

"आणि पाकळी?"

"गाऱ्हाणा पुरा होवच्या आधी उजवी पडली."

मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. तेव्हापासून मी हेच उलटसुलट करून बघते आहे. तू आकड्यासाठी गोळी घेत होतीस, की माझ्यासाठी? मी खोटे बोलले याचा तुला राग आला होता का? तुला देवाची भीती वाटली नाही, की वाटली आणि तरी घेतलीस? दर सोमवारी पहाटे पाच वाजता तू हात जोडून त्याला काय सांगायचीस? इतकी वर्षे मी तुझ्या शेजारी चूल पेटवत होते. विचारले असते तर तू सांगितले असतेस, असे मला वाटते.

तुझे उपकार मानायला मी लिहायला बसले होते, आणि मानतेच. पण वयनी, दोष माझा होता. तो मला न विचारता तू उचललास आणि घेऊनही गेलीस, हे मला पटलेले नाही. येत्या सोमवारी मी देवळात जाणार आहे. घाडीला सांगणार आहे, गाऱ्हाणे मी स्वतः घालते, मोठ्याने, लोक असले तरी असू देत. देवाला म्हणेन, माझा वाटा मला परत हवा, तो तिच्या अंगावर राहू नये. गेलेल्या माणसाने घेतलेले परत मिळते का, ते मला माहीत नाही. घाडीलाही नसेल. पाकळी सुकेपर्यंत मी उभी राहीन. आणि डावी पडली, तर घरी येऊन तुला डावी पडली असेच सांगेन.